मागच्या दारची गौर

नवं रोप उगवलं की इंदूमावशी त्याच्यासमोर उकिडवी बसायची, चष्मा कपाळावर ढकलायची आणि विचारायची, "खंयसून इलंस रे?" कुठून आलंस याचं उत्तर खरंच यायचं असावं तशी थोडा वेळ थांबायचीही. मग तांदळाच्या धुवणाचे चार थेंब त्याला देऊन उठायची.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत ती तळमजल्यावर एकटी राहायची आणि मी तिच्या खोलीच्या थेट वर. तिच्या मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जेमतेम एक खाट मावेल एवढी माती होती. मावशी तिला बाग म्हणायची. त्या बागेत तिने हाताने लावलेलं एकही झाड नव्हतं. आघाडा, केना, कुर्डू, एकदांडी, जे येईल ते राहायचं. सुट्टीच्या दुपारी मी गॅलरीतून खाली बघत बसायचो. पिवळी फुलपाखरं फिरत असायची, उंबऱ्यावर मावशी पेंगत असायची, आणि पलीकडच्या रस्त्यावरचे हॉर्न कुठल्या तरी दुसऱ्या गावातून आल्यासारखे वाटायचे. चहा गार होऊन जायचा.

तरीही मी पडलो टापटिपीचा माणूस. "मावशी, काय हे रान माजवलंयस? एखादा मोगरा तरी लाव."

"ऱ्हवांदे रे," ती म्हणायची, "तां काय तुझ्याकडे जेवान मागता?"

या रानात तिचा जीव होता तो तेरड्यावर. माहेराहून आणलेल्या सुपाच्या सांदीत त्याचं बी आलं असावं, असं ती सांगायची. दर श्रावणात तो गुलाबी फुलायचा. भाद्रपदात त्यातलीच चार रोपं ती मुळासकट काढायची, त्यांना मुखवटा लावायची, साडी नेसवायची. ती तिची गौर. त्या दिवसांत मावशी लेकीला बोलावल्यासारखी घरात वावरायची.

एका वर्षी ऐन श्रावणात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती पंधरा दिवस मुलीकडे, अँटॉप हिलला गेली. जाताना म्हणाली, "नव्या डोळ्यान पयलो तेरडो बघतलंय."

मी ते ऐकलं आणि विसरलो. चाळीत डासांची ओरड सुरू झाली होती, गणपती तोंडावर आले होते. म्हातारी परत येईल तेव्हा मागचं दार कसं लख्ख दिसेल, या कौतुकात मी एका रविवारी सकाळी खुरपं घेतलं आणि सगळं उपटलं. त्या जागी क्रोटनच्या चार कुंड्या मांडल्या. स्वतःवर इतका खूश मी क्वचितच झालो असेन.

गौरीच्या आदल्या दिवशी ती काळा चष्मा लावून आली. तिने मागचं दार उघडलं. "तेरडो खंय गेलो?" एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्ता दादरहून आणतो," मी म्हणालो.

"गौर इकत हाडूची नसता, बाबा. ती येवची आसता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता चष्मा काढला आणि माती चाचपायला लागली. मीही शेजारी बसलो. शेवटी मोरीच्या पाइपामागे, माझ्या खुरप्यातून सुटलेलं बोटभर रोप सापडलं. फूल नाही, कळी नाही. मी ते काढायला हात घातला, तर तिने मनगट धरलं. "हिका उपटलंस तर फुडल्या वर्सा खंयसून येतली?"

त्या वर्षी गौर मोरीपाशीच बसली. मुखवटा पेलण्याएवढी ती नव्हती, म्हणून मावशीने तिच्याभोवती खण ठेवला, हळदकुंकू वाहिलं, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवला. विसर्जनाच्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, "या वर्सा ती जावची नाय. ऱ्हवांदे." अश्विनात त्या रोपाला तीन फुलं आली. पुढच्या श्रावणात मागचं दार पुन्हा गुलाबी झालं.

मावशी जाऊन आता दीड वर्ष झालं. यंदा गौरीसाठी तिची मुलगी अँटॉप हिलहून आली. तेरडा कंबरेएवढा वाढला होता, माझ्या क्रोटनच्या कुंड्याही त्याने सोडल्या नव्हत्या.

"दादा, कुठली काढू? तूच सांग," तिने विचारलं.

एका सकाळीत सगळी बाग उपटणाऱ्या मला एकाही रोपाकडे बोट दाखवता येईना.