सरांचं हलकं छत

“टाका पाण्यात!” बोर्ड प्रेसमधून निघून गार होतो न होतो तोच सरांची आरोळी. लातूरच्या एमआयडीसीत लाकडाचा चुरा दाबून बोर्ड बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी प्रेस सांभाळायचो, तेव्हाची गोष्ट. सर कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे. क्लास सुटला की स्कूटरवर पायाशी पोतं घेऊन हजर! पोत्यात रसायनात मुरवलेला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा चुरा. वास असा, की लोणच्याची बरणीच फुटली म्हणावं.

“लाकडाच्या कणाला पाण्याची लई ओढ,” सर चहा निववत सांगायचे. “त्याची पाणी धरायची जागाच रसायनानं अडवली, तर पाणी बसंल कुठं? सांगा!”

“सर, आमची परीक्षा न्हाई.”

“माझी हाय की, गड्या!”

ती परीक्षा सरांच्या आईंपाशी होती. भूकंपात गावाकडच्या घराचं मातीचं जड माळवद कोसळलं आणि सरांचे वडील त्याखाली गेले. तेव्हापासून आई कुठल्याच छताखाली झोपेनात. सरांनी लातुरात पत्र्याची खोली बांधली, पण पत्रा वाजला की त्या दचकून बाहेर पळायच्या. पत्र्याखाली हलका बोर्ड लावला तर आवाज दबेल, आणि पडला तरी जिवाला भीती नाही. पण पत्रा गळका, आणि साधा बोर्ड भिजला की पोळीसारखा फुगतो.

एका दुपारी बोर्ड पाण्यातून काढला, तर जाडी जशीच्या तशी! सरांनी मला कडकडून मिठी मारली, ऐटीत बोर्डावर बसले आणि मोडक्या बोर्डासकट जमिनीवर! रसायन इतकं मुरलं होतं, की चुरा पाण्यासारखाच गोंदालाही जवळ करेना.

आम्ही खो खो हसलो. सर कंबर चोळत ओरडले, “अर्धं जमलं! आता रसायन कमी, गोंद दुसरा!”

आणि जमलं हो! फुगेना, तुटेना. आईंनी तो बोर्ड पाटीसारखा डोक्यावर घेऊन वजन पाहिलं, मगच लावू दिला.

श्रावणात झड लागली. भर दुपारी सर भिजत आले आणि मला ओढतच घरी घेऊन गेले. वर पत्रा गळत होता, बोर्ड तसाच सपाट, आणि खाली आई गाढ झोपलेल्या. मी “वा!” म्हणणार, तर सरांनी माझं तोंडच दाबलं. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते. मलाही राहवेना.

पुढे सर अचानक वारले. मी घरी पोचलो तेव्हा माणसं अंगणात बसली होती. आई एकट्याच आत. कुणीतरी म्हणालं, “बाहेर चला, आई. मोकळं वाटंल.”

“न्हाई,” त्या वर बघत म्हणाल्या. “माझं लेकरू इथं हाय.”