तोच प्रश्न आपटेसाहेबांना

"इनको मत दीजिए. इनका दिमाग का इलाज चल रहा है."

आपटेसाहेब माझ्या मागे उभे राहून बोलले. रायफल माझ्या हातात आली होती. पूर्ण आलीही नव्हती. रेंजवरचा प्रशिक्षक खलफान, त्याचा एक हात अजून नळीखाली होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि रायफल परत घेतली. हिसकावली नाही. हळूच घेतली. पण घेतली.

मग साहेब मराठीत बोलले. खलफानला हिंदी यायचं, मस्कतमध्ये निम्म्या लोकांना येतं. मराठी येत नव्हतं, म्हणून मराठीत.

"ह्या लोकांचं डोकं आधीच गरम. त्यात हे."

काहीजण हसले. ह्या लोकांचं म्हणजे कुणाचं, ते विचारायची गरज कुणालाच पडली नाही. आम्ही बौद्ध. तिथल्या बाकी सगळ्या मराठी कुटुंबांना ते ठाऊक होतं. माझा नवरा हसला नाही. तो साहेबांच्या कंपनीत टेक्निशियन, साहेबांच्या हाताखाली. त्याने बुटाची लेस बांधायला घेतली. लेस सुटलेली नव्हती.

मला बायकांच्या पर्सा आणि चहाचा थर्मास सांभाळायला बसवलं. शुक्रवारची सुट्टी, मस्कतबाहेरची नेमबाजीची रेंज, आमच्या मराठी मंडळींची सहल. मी पर्सांच्या ढिगाशेजारी बसून आपटेसाहेबांना गोळ्या झाडताना पाहत होते. नेम चांगला होता त्यांचा. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं.

हेवा वाटला. चारचौघांत सांगायची गोष्ट नाही, पण सांगते. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी तिथे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

आपटेसाहेब माझ्याच डॉक्टरकडे जात होते.

मस्कतला आल्यावर माझं दुसरं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर मी उठेनाशी झाले. अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून पडून राहायचे. पोरीचा डबा नवरा करायचा. शेवटी तोच मला डॉक्टरकडे घेऊन गेला. मनाच्या डॉक्टर. मल्याळी बाई, कमी बोलणाऱ्या, चांगल्या. त्यांच्या दवाखान्यात आपल्या लोकांची एक रीत होती. ओळखीचं कुणी भेटलं की आपणच आधी म्हणायचं, "बीपी दाखवायला आलोय." समोरचाही म्हणायचा, "मी पण बीपीच." त्या दवाखान्यात मनाने आजारी कुणीच नव्हतं. अख्खं मस्कत बीपीने हैराण होतं.

तिथे एकदा आपटेसाहेब भेटले. "बीपी," म्हणाले. मी म्हणाले, "माझं मन आजारी आहे. बाळ गेल्यापासून."

त्यांचा चेहरा पडला. मी रीत मोडली होती. आमच्या घरात दुखणं लपवायची चैन कधी नव्हतीच, दहा बाय बाराच्या खोलीत काय लपवणार. मी खरं बोलले आणि माझं खरं त्यांनी खिशात घातलं. त्यांचं बीपी बीपीच राहिलं. रेंजवर माझं खरं बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर फेकलं.

नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. मनाचा आजार असलेल्याच्या हाती शस्त्र द्यायचं नाही, असा तिथला कायदा. म्हणून खलफान रायफल देता देता प्रत्येकाला विचारायचा, काही आजार, काही उपचार? बरोबर होतं त्याचं. मी उत्तर द्यायच्या आत साहेबच बोलले होते. त्या वर्षी असा एक दिवस होता, की माझ्या हाताशी बंदूक असती तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. नियम मला मान्य होता. पण तो मला लागला आणि साहेबांना लागला नाही. मी दवाखान्यात आजार सांगून बाहेर बसले, ते लपवून आत उभे राहिले. ह्याचा हेवा.

आणि बंदूक आमच्या हातून काही पहिल्यांदा काढून घेतली गेली नव्हती. बाबांचे आजोबा पलटणीत होते. मग गोऱ्या साहेबाने ठरवलं की ही जात लढवय्यी नाही. भरती बंद. बाबा काडतुसांच्या कारखान्यात कामाला होते. जन्मभर काडतुसं भरली, रायफल कधी खांद्याला लावली नाही. औरंगाबादला कॉलेजात मी एनसीसीत गेले, तेव्हा बाबा रजा टाकून बघायला आले. मी गाल लाकडाला टेकवला, श्वास धरला, गोळी सोडली. घरी येताना माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

साहेबांना हे कुठे माहीत. त्यांच्यासाठी ती शुक्रवारची करमणूक होती.

वर्ष गेलं. माझं औषध डॉक्टरांनी कमी कमी करत बंद केलं. मी नोकरीला लागले. आणि एका दुपारी दारात आपटेवहिनी. कधी न येणाऱ्या. हातात मवालेहच्या बाजारातली मेथी. सोफ्याच्या अगदी टोकावर बसल्या. मी पाणी आणलं, तर म्हणाल्या, "नको, उपास आहे." पाण्याला कसला आलाय उपास.

मग रडायला लागल्या.

"हे झोपत नाहीत गं. औषध सोडलंय त्यांनी. मला काही होत नाही म्हणतात. आणि परवा म्हणाले, शुक्रवारी रेंजवर गेलो की एकदाचा सगळ्यातून सुटेन."

ती भाषा मला कळते.

"आजच्या आज डॉक्टरांना फोन करा," मी म्हणाले.

"केला. घेऊन या म्हणतात. हे येत नाहीत. तू एक कर. तू त्या खलफानला सांग, ह्यांना बंदूक देऊ नको म्हणून. मला कसं सांगता येईल? लोक काय म्हणतील? तुझं काय, तुझं सगळ्यांना माहीतच आहे."

तुझं काय.

मी मेथीच्या जुडीकडे पाहत राहिले. इतकी वर्षं ज्या घरात मला स्वयंपाकघराच्या आत बोलावलं नाही, त्या घराची घाण बाहेर न्यायला आज मी आठवले. पिढ्यान् पिढ्या हेच. मेलेलं ढोर ओढायला बोलवा. नासलेलं काढायला बोलवा. आता घरातला आजार बाहेर काढायचाय, बोलवा तिला. तिचे हात तसेही विटाळलेलेच आहेत.

"मी सांगणार नाही," मी म्हणाले.

वहिनी उठायला लागल्या.

"तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. मराठीत नाही, त्याला कळेल असं. मी शेजारी उभी राहीन. तुम्ही गप्प राहिलात तर मी बोलेन, जीव नाही जाऊ देणार त्यांचा. पण मग मला कुणी पाठवलं तेही सगळ्यांसमोर सांगेन."

"एवढी कठोर कशी गं तू?"

"तुमच्याच सहलीत शिकले."

त्या शुक्रवारी रांगेत मी पुढे उभी राहिले. माझ्यामागे आपटेसाहेब, त्यांच्या बाजूला वहिनी. खलफानने मला विचारलं, काही आजार, काही उपचार? मी मोठ्याने म्हणाले, "हां. था. इलाज पूरा हो गया."

तो म्हणाला, "डॉक्टर से लिखवाके लाओ, उख्ती. फिर देखेंगे. आज नहीं." उख्ती, म्हणजे माझी बहीण. मी मान डोलावली आणि बाजूला झाले. पण गेले नाही. तिथेच उभी राहिले.

"आप?" त्याने साहेबांना विचारलं.

"नो, नो. एकदम फिट." साहेबांनी हात पुढे केला.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या वाळूकडे बघत होत्या. रायफल पुढे आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी बोलल्या. आवाज फाटला त्यांचा.

"मत दीजिए. इनका भी इलाज चलता है. दवा छोड़ दी है इन्होंने."

खलफानने रायफल मागे घेतली. माझ्याकडून घेतली होती तशीच, हळूच. त्या माणसाचा हात दोघांनाही सारखाच होता.

ह्या वेळी कुणीही हसलं नाही.

आपटेसाहेब मटकन खाली बसले आणि रडू लागले. आणि मग सगळे धावले. खुर्ची आली. लिंबाचं सरबत आलं. कुणी पंख्यासारखी टोपी हलवू लागलं. "किती काम पडतं साहेबांवर." "एवढी जबाबदारी, माणूस थकणारच." "असं कुणालाही होतं हो." एकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ ठेवूनच दिला. माझा नवरा पाणी आणायला पळाला.

मला त्यांची दया यायला हवी होती. आलीही, थोडी. पण त्याहून जास्त मी जळत होते. रायफलसाठी नाही. त्या पाठीवरच्या हातासाठी. माझं बाळ गेलं होतं आणि माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला नव्हता. तोच आजार, तेच डॉक्टर. ते थकलेले आणि मी वेडी. ते साहेब आणि मी गरम डोक्याची जात.

वहिनी सरबताचा ग्लास घेऊन माझ्याकडे आल्या. "तू होतीस म्हणून धीर आला. घे."

मी घेतला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेल्या वर्षी 'ह्या लोकांचं डोकं गरम' ऐकून हसलात, ते आज साहेबांना म्हणा. म्हणवत नसेल, तर माझ्यावरचं मागे घ्या. इथेच."

"आत्ता?" हसणाऱ्यांतला एक म्हणाला. "त्यांची अवस्था बघताय ना?"

"माझी अवस्था तुम्ही बघितली होती का?"

गाडीत नवरा म्हणाला, "माझी नोकरी जाईल." मी म्हणाले, "जाऊ दे. पण पाणी घेऊन पळालास ते मी विसरणार नाही." नोकरी गेली नाही. नवरा पुढे अनेक दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होता.

आपटेसाहेब औषध घेऊ लागले, बरे झाले. ते बरे झाले ह्याचं मला वाईट वाटलेलं नाही. ते परत रेंजवर आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही डॉक्टरांकडून लिहून आणलं. खलफानने वाचलं, रायफल दिली. मी गाल लाकडाला टेकवला. टाळ्या नाहीत. नकोच होत्या.

मला नियमातून सूट नको. माझा आजार परत आला तर मी स्वतः सांगेन आणि बाजूला होईन. पण माझ्यामागे उभ्या असलेल्याचं उत्तर ऐकल्याशिवाय तिथून हलणार नाही. आणि 'ह्या लोकांचं डोकं गरम' हा शब्द साहेबांनी आणि मंडळींनी अजून मागे घेतलेला नाही. घेत नाहीत तोवर त्यांच्या हातचा पाण्याचा थेंब माझ्या घशाखाली उतरणार नाही.