रंगमास्तरांची झोप

गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन दुकानात यायचं, रंगमास्तर तो डोळ्यांसमोर धरायचे आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यात स्टेनरचे, म्हणजे गडद रंगाच्या अर्काचे, मोजके थेंब सोडायचे. हुबेहूब तोच रंग तयार! या नजरेवर मास्तरांनी संसार केला होता आणि नाकही जरा वरच ठेवलं होतं. फक्त रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मेव्हण्याचं चष्म्यांचं दुकान. त्याने नारिंगी काचांचा चष्मा आणून दिला.

"भावोजी, दिव्यांच्या, मोबाइलच्या निळ्या उजेडाने मेंदूला वाटतं अजून दिवसच आहे. संध्याकाळपासून हा लावून बघा. काहींना गुण येतो."

मास्तरांनी एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. दिवे लागले की चष्मा नाकावर, तो थेट उशीपाशीच उतरायचा. आठवडाभरात मास्तर असे घोरायला लागले की बायको रडकुंडीला आली.

पण गिऱ्हाईक येतं संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर. आणि नारिंगी काचेतून पांढरा काय, पिवळा काय, सारखाच! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी मोतिया पांढरा मागितला, मास्तरांनी थेंबावर थेंब सोडून पिवळाधमक दिला. त्या भिंतींपुढे ज्याचे त्याचे दात शुभ्र दिसायला लागले. पेशंट आरशात बघून खूश होत आणि उपचार न घेताच घरी जात. बाई तणतणत दुकानात आल्या.

"मास्तर, चष्मा काढा, नाहीतर घरी बसा," दुकानाचा मालक म्हणाला.

"काढला की रात्र गेली, मालक! आत्ता कुठे झोप लागायला लागलीय."

शेवटी बायकोच संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसली. "तुम्ही थेंब सोडा, रंग मी सांगते."

तिची सांगायची तऱ्हाच न्यारी. "थांबा! हा तुमच्या बहिणीसारखा झाला, उगाच भडक. निळं टाका जरा. हं, आता आला आपल्या जुन्या चादरीच्या रंगावर." डबे बिनचूक निघू लागले. पण मास्तरांना चष्म्यातून निळी बाटली काळीच दिसे, म्हणून थेंबही तीच सोडू लागली. गिऱ्हाइकं टवके तिच्याच हातात देऊ लागली. मास्तर झाकणं उघडून देत.

एका संध्याकाळी मालक म्हणाला, "मास्तर, उद्यापासून वहिनींनाच ठेवतो. तुम्ही घरी निवांत झोपा."

मास्तरांनी घाईघाईने चष्मा काढला. "दिसतंय की मला! ही बघा निळी, ही हिरवी…"

मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. बायकोने मान खाली घातली, पण हसू काही तिला लपवता येईना.

त्या रात्री मास्तरांनी दिवे मालवले, मोबाइल कपाटात कोंडला, वर चष्माही लावून ठेवला. झोप कसली येतेय! घरी बसायची लाज वाटत होती. बायकोचं कौतुक वाटत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. ती मात्र दिवसभराच्या दमणुकीने मेल्यासारखी पडली होती.

मध्येच ती पुटपुटली, "लाल… दोन थेंब."

मास्तर उठून बसले. "दोन जास्त होतील," ते अंधारात हळूच म्हणाले. "एकच टाक."

"बरं," ती झोपेतच म्हणाली.