काकाच्या सनईची पत्ती

दुष्काळ मागं पडला आणि पुढच्या एका वैशाखात माझं लग्न निघालं. वरपक्ष गिरणीतला. ते म्हणाले, बँड आणतो. माझे वडील, आप्पा, जन्मभर लोकांच्या लग्नांत सनई वाजवत आलेले. त्यांनी साफ सांगितलं, "माझ्या पोरीच्या अक्षतांना सनईच वाजंल." बोलायला काय जातंय! बापानं पूजेला बसायचं, मग वाजवणार कोण? उरला धाकटा काका.

काकाची सनई म्हणजे एक नमुनाच. शिसवीची, पण एकदा उन्हानं तडकलेली, लाख भरून, दोरा गुंडाळून चालवलेली. आप्पांची सनई त्याच्या बोटांना बसत नव्हती. आणि आप्पांची पत्ती, म्हणजे ओठांत धरून फुंकायची ती ताडाच्या पानाची जीभ, त्याच्या सनईला चालत नव्हती. जाड लावली की सनई चिरकायची, पातळ लावली की मुकी व्हायची. महिनाभर घरात तेच. आई बुंदीचं बघतीय आणि आप्पा ओट्यावर पत्त्या तासतायत, नाहीतर पिसानं सनईला आतून खोबरेल लावतायत. काकानं आधी करडईचं तेल घातलेलं, ते आत डिंकासारखं धरलेलं. त्यावरून त्याला लई शिव्या बसल्या. शेवटी दोन पत्त्या जमल्या. मला राग यायचा. लग्न माझं होतं की सनईचं?

लग्नादिवशी पूजेत भटजी म्हणाले, "यजमान, नाव-गोत्र सांगा." आप्पा नुसतं "हं, हं." बायकांनी डोळ्यांना पदर लावला. "बापाचा गळा दाटला गं!" मलाही भरून आलं. आई तेवढी पुटपुटली, "तोंडात काय हाय तुमच्या?"

मंगलाष्टकं सुरू झाली की सनई थांबते. त्या दिवशी झाडून सगळ्या मावश्या-आत्यांना गायचं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझं नाक चांगलं आहे, तरी विघ्न आलंच. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, संबळ कडाडला आणि सनईतून नुसती हवा आली. तेवढ्या वेळात उन्हानं पत्ती वाळून चिरली होती. काकाचं तोंड उतरलं. वरपक्षातलं कुणीतरी म्हणालं, "तरी म्हणत होतो, बँड आणू या."

आप्पा दोन ढांगांत काकापाशी पोचले. गालातून दुसरी पत्ती काढली, ओलीगच्च, आणि त्याच्या हातात ठेवली. वाळू नये म्हणून सकाळपासून ती तोंडात धरून बसले होते. काकाकडं द्यायची सोय नव्हती, त्याच्या गालात कायम तंबाखू. काकानं ती पुसलीसुद्धा नाही. सनई अशी खणखणीत लागली की वरपक्ष गप्प झाला.

कसला गळा दाटला न् काय! मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

संध्याकाळी पाठवणीला मी पाया पडले. म्हटलं, "आप्पा, आता तरी बोला की." त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. आता तोंडात पत्ती नव्हती.