दहा खाटांचा दवाखाना

कुसाबाईची थोरली लेक बाळंतपणात अडली आणि नाशिकच्या वाटेवर जीपमध्येच गेली. पुढच्या वर्षी सुरगाण्याच्या डोंगरात एका ट्रस्टनं दहा खाटांचा दवाखाना काढला, तेव्हा कुसाबाई तिथं आया म्हणून लागली.

१९९८च्या माघात सरकारी कागद आला. यापुढं अनुदान भरलेल्या खाटांवर मिळणार होतं, आणि सोमवारी तपासणी होती. डॉक्टर शुभांगीबाईंनी तो वाचून दाखवला. नागली-भाताची कापणी आटोपून धडधाकट माणसं दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला गेलेली. खाटांवर दोनच पेशंट होते.

कंपाउंडर मोतीराम म्हणाला, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना एक दिवस झोपवू. डॉक्टरबाई नाही म्हणाल्या नाहीत. कुसाबाईला त्याचीच जास्त धास्ती वाटली, तरी तीच जाऊन आठ जणांना घेऊन आली.

सोमवारी तपासणीचे साहेब खाटा मोजत होते. तेवढ्यात चार माणसांनी झोळीतून एक अडलेली बाई आणली. एकही खाट रिकामी नव्हती. पोरीचं कण्हणं ऐकून आणलेल्या आठांतली म्हातारी भागीबाई चादर फेकून टुणकन उठली आणि तिनं पोरीला आपल्या जागी निजवलं. डॉक्टरबाई धावल्या. साहेब भागीबाईकडं बघतच राहिले.

 कुसाबाई पुढं झाली.

"साहेब, हे आजारी नाय. म्या आणलेत. पण आज दवाखाना बंद असता, तर या पोरीला कुठं न्यायचं?"

साहेबांनी हातातला कागद उलटून पाहिला. मग म्हणाले, "मावशी, तुमचं खरं आहे. पण माझ्या कागदात तसा रकानाच नाही."

पोरगी आणि बाळ दोघं वाचली. साहेबांनी मात्र पाहिलं तेच लिहिलं. पावसाळ्याआधी अनुदान थांबलं, दाराला कुलूप लागलं. शुभांगीबाई नाशकाला गेल्या आणि कुसाबाई द्राक्षाच्या बागेत. पाड्यावरची कुणी पोटुशी दिसली की तिला कितवा महिना ते विचारायचा कुसाबाईचा धीर होत नसे.

तीन वर्षांनी नियम बदलला. दुर्गम भागातल्या दवाखान्यांना खाटा भरोत न भरोत, ठरावीक रक्कम मिळू लागली. कुलूप निघालं, कुसाबाई परत कामावर आली. शुभांगीबाई काही परतल्या नाहीत. नव्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं, की आता हा दवाखाना कायमचा ना?

कुसाबाई खाटेवरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "सध्या तरी हाय."