व्याही समजून केलेला पाहुणचार

आता काय सांगू तुम्हाला, या द्वारकीनं मुद्दाम नाही केलं हे एकानंही मानलं नाही! नवऱ्यानं नाही, पोटच्या पोरानं तर नाहीच.

तेव्हा नोकरी म्हणजे काय हो? रेल्वे, मास्तरकी, तलाठी, लांब भिलाईचा पोलादाचा कारखाना, नाही तर खामगावचं एखादं कापसाचं जिनिंग. बाकी सगळं वावर! अन् नोकरी नसलेल्या पोराला पोरगी कोण देतो? आमचा मधुकर मॅट्रिक होऊन गावी देऊळघाटात ओट्यावर बसून होता.

ऐन लग्नसराईत एक धोतर-कोटवाला दारात उभा. "असाच इकडून चाललो होतो बाई, म्हटलं मधुकरची विचारपूस करावी."

असाच म्हणे! पोरीचा बाप दुसरं काय बोलतो? मी चहात दूध जास्त घातलं अन् सुटलेच.

"पोरगं कामाचं हाये ना?"

"काम? त्यानं कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही!"

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, लाजला.

"रात्री जागते काय?"

हा काय प्रश्न? पण पोरीचा बाप, त्याला सगळं विचारायचा हक्क. "काऊन जागन? दिवा लागला का घोरते. वाईट नाद एक नाही!"

"आधी कुठं नोकरी?"

इथं माझी जीभ सुटली. "लागली नं भाऊ, भिलाईले! तिथला सायेब रोज बोलावून राह्यला."

"अस्सं? मंग तो आमच्या खामगावले कायले येऊन राह्यन?"

मी त्याच्या हातातली कपबशीच ओढली. "घरजावई करता काय? आमचं पोरगं तुमच्या दारी राह्यन? निघा!"

बिचारा जोडे हातात घेऊन पळाला.

संध्याकाळी मधुकर आला. "माय, जिनिंगचे मुनीमजी आले होते का वं? रात्रीच्या गाड्या उतरून घ्याले माणूस पाह्यजे त्याईले. नुसती घरची चौकशी बाकी होती."

मी चूल फुंकायला लागले. चूल पेटलेलीच होती.

नोकरी शेजारच्या रहीमभाईच्या पोराला लागली. पुढच्या लग्नसराईत पोरीचा बाप आला, या खेपेस खराखुरा. मी चहा ठेवला अन् तोंड मिटलं.

"पोरगं शिकलेलं, धडधाकट," तो म्हणाला, "मंग नोकरी काऊन नाही लागली? आडवं कोण आलं?"

अन् कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू न येणारी माझी सासू माजघरातून खणखणीत ओरडली, "द्वारकी!"