डोंगर उजव्या हाताला

मंगळवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर डोंगराची मीटिंग झाली. मी घरच्या पोळ्यांच्या ऑर्डरचं काम अर्धं टाकून गेले होते, हाताला कणीक तशीच...

आमची गच्ची इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागच्या बाजूला. तिथून आनेकलच्या पुढचा एक डोंगर दिसतो. त्याला काही नाव असेल, इथली कानडी माणसं नुसतं बेट्ट, म्हणजे डोंगर, म्हणतात. सकाळी निळा, दुपारी दिसतच नाही, संध्याकाळी कुणीतरी पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ.

वीस वर्षं मी कपडे वाळत घालताना त्याच्याकडे बघतेय. कधी गेले नाही.

पाचव्या मजल्यावरच्या वसुधा अक्का शाळेत खेळ शिकवायच्या, आता रिटायर. त्यांनी ठरवलं, बिल्डिंगमधल्या आपण सहा बायका एका दिवसात तो डोंगर फिरून यायचं. एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं, सकाळी सहाला पायथ्याच्या चिंचेच्या झाडापासून सुरू, दुपारी परत तिथंच. गेलो त्या वाटेनं परत यायचं नाही.

मला हेच फार आवडलं. माझं सगळं जाणं-येणं एकाच रस्त्यानं झालंय... बाजार आणि घर, दवाखाना आणि घर.

मीटिंगच्या आधीच अक्कांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा काढला. माझी शाळा चौथीपर्यंत, मोबाईलमधले नकाशे मला कळत नाहीत. हा कळला. वेड्यावाकड्या पोळीसारखा दिसत होता. डावीकडे तळं आणि सोपी, लांबची वाट. उजवीकडे नुसता कातळ, उभा. वर मारुतीचं छोटं देऊळ.

तो कागद मी फ्रिजवर लावला. तेव्हापासून पोळी लाटताना मनातल्या मनात त्याच्या कडेकडेनं चालत असते. तळ्याशी गार वारा येतो, गवत गुडघ्याला लागतं. तव्यावरची पोळी करपली की कळतं, मी घरी आहे.

तर मीटिंग. अक्का म्हणाल्या, "उजवीकडून चढायचं. सकाळी कातळ गार असतो, पायात ताकद असते. दमलेल्या पायांनी तो उतरणं धोक्याचं."

मी ताडकन म्हणाले, "वर देव आहे. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतात. डावीकडूनच जायचं. उलटी प्रदक्षिणा मी घालणार नाही."

बाकीच्या चौघींनी माना हलवल्या. देवाचं नाव निघाल्यावर कोण बोलणार... अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं. झालं, ठरलं.

मी जिंकले. आणि दोन दिवस मला डोंगर दिसेना. म्हणजे गच्चीवरून दिसायचा, मनात दिसेना. पोळी लाटायला घेतली की कातळावरून उतरणाऱ्या बायकाच दिसायच्या. डोक्यावर ऊन, पाय थरथरतायत, एकीचा पाय सटकतोय.

कारण खरं कारण मला माहीत होतं.

गुरुवारी मी जिन्यावर प्रॅक्टिस करत होते. पाठीवरच्या पिशवीत पाच किलो आटा. तिसऱ्या मजल्यावर असा दम लागला की पायरीवरच बसले. वरून अक्का उतरत आल्या. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"काय गं सुमन, मारुतीला दम लागला का?"

मला राग आला. मग हसू आलं. मग खरं सांगून टाकलं... डावीकडून सुरुवात सोपी आहे, निदान तासभर कुणाला कळणार नाही. उजवीकडून गेलो तर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांसमोर बसावं लागेल. मी. जी माझ्याकडे पोळ्यांच्या कामाला येणाऱ्या बायकांना दिवसभर म्हणते, हात चालवा, झोपलात काय.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. काही नाही म्हणाले, चाला म्हणाले. स्वल्प स्वल्प."

अक्का माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. "डोंगरात सगळ्यात हळू चालणारी पुढे असते. तिच्या पुढे कुणी जायचं नाही. तू बसलीस की सगळ्या बसणार."

"म्हणजे माझ्यामुळे सगळ्यांना उशीर."

"हो. होऊ दे."

मला मंडई आठवली. तिथं आमचे हे पुढे, हात मोकळे, आणि मी पिशव्या घेऊन मागे. थांबा म्हटलं की वळून म्हणतात, किती हळू चालतेस. आणि मी त्याच चालीनं दुसऱ्यांना हाकत आले. सगळ्यांनी माझ्या पायांनी चालायचं, हे कुणी ठरवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन ग्रुपवर टाकलं. देवाचं काही नव्हतं, मला दम लागतो, कातळ आधी चढू. पोळ्या लाटत मी सारखी फोनकडे बघत होते. मग तळमजल्यावरच्या हेमानं लिहिलं, "बरं. मग पाणी जास्त घेते." बस, एवढंच.

परवा रविवार. डोंगरावर जायच्या वनखात्याच्या परवानगीचं लेकीनं मोबाईलवरून करून दिलंय. दशम्या मी करणार.

डोंगर मनात परत आलाय. आधी मी तो भराभर चढायचे, आता तिथंसुद्धा मधेमधे बसते. बसलं की कातळाच्या फटीत उगवलेलं गवत दिसतं, खाली तळं दिसतं, त्याच्याही पलीकडे आमची गच्ची, दोरीवरच्या साड्या इवल्याशा... आणि मागे पाच जणी बसलेल्या, कुणाला घाई नाही.

वर पोचले की मारुतीची माफी मागणार आहे, त्याचं नाव उगाच पुढे केलं म्हणून. आणि त्या पाच जणींची, उतरताना.